साठ अंशांचे धुणे

तीन फेब्रुवारी, सोमवार. चौदा हजार पाचशे रुपये. पावतीवर एवढे दोनच तपशील ठळक होते, बाकी मजकूर बारीक अक्षरात. मेहुण्याने ती पावती भाऊजींच्या टेबलावर, उघडून ठेवलेल्या पंपाशेजारी ठेवली आणि पंख्याने उडू नये म्हणून वर स्क्रूड्रायव्हर ठेवला.

"हे काय?" भाऊजींनी विचारले.

"आईसाठी शुश्रूषागृहात खाट. एका महिन्याचे भरलेत. शनिवारी सकाळी दहाला गाडी येईल न्यायला."

एवढे बोलून तो गल्ल्यावर जाऊन बसला. दुकान त्याचेच होते. भाऊजी त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मालक त्यांना भाऊजी म्हणे म्हणून कारकून म्हणू लागला, कारकुनाचे ऐकून गिऱ्हाइके म्हणू लागली आणि एकवीस वर्षांत ते अख्ख्या गल्लीचे भाऊजी झाले. समोरचा कुलूपवाला चिडवायचा, "एवढे मेहुणे असून चहा मात्र स्वतःच्या पैशाने पिता, भाऊजी!"

दुकानात कपडे धुण्याची मशीन दुरुस्त होत. मशीन अडले की त्याच्या छोट्या पडद्यावर एक अक्षर आणि एक आकडा येतो. आत बसवलेला कंट्रोल बोर्ड त्या आकड्यातून आपली तक्रार सांगतो. अशा दीडदोनशे तक्रारी भाऊजींना तोंडपाठ होत्या. फोनवर आकडा ऐकून ते म्हणत, "मशीन घेऊन यायच्या आधी नळ सोडलाय का ते बघा," आणि पाच मिनिटांनी समोरचा ओशाळून परत फोन करी. हाताखाली शिकून गेलेल्यांना त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती: बोर्ड खोटे बोलत नाही, पण त्याला जेवढे दिसते तेवढेच तो सांगतो.

आणि आता त्यांच्या स्वतःच्या घरातले मशीन आठवडाभर बंद होते.

सासूबाई दोन वर्षांपासून त्यांच्याकडे होत्या. मेहुण्याचे घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि दिवसभर घरात कुणी नाही. म्हणून आई लेकीकडे, यावर कधी भांडण झाले नव्हते. मांडीचे हाड मोडल्यापासून म्हातारी अंथरुणावरच होती. जानेवारीत पाठीवर जखम झाली. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या नर्सने बजावले, "चादरी, गाऊन, खालची कापडे, सगळे रोज साठ अंशांवर धुवायचे. कोमट पाणी चालणार नाही. एवढे होत नसेल तर आजींना जिथे होते तिथे ठेवा."

त्या घरात आजवर गरम पाण्याचे धुणे लागलेच नव्हते. विजेचे बिल बघून बायको नेहमी थंडावरच बटण ठेवायची. सत्तावीस जानेवारीला तिने पहिल्यांदा साठचा आकडा लावला आणि तासाभराने मशीन शिटी मारून थांबले. पडद्यावर एफ आठ.

"आज बघतो," भाऊजी म्हणाले होते. दुकानात गिऱ्हाइकांची सात मशीन पडली होती. मंगळवारी, "उद्या बघतो." शुक्रवारपर्यंत त्यांनी मागचे झाकणसुद्धा उघडले नाही. बायको शेगडीवर पातेल्यात पाणी उकळून बादलीत चादरी बुडवत होती. लॉन्ड्रीवाल्याने चादरींचा पहिला गठ्ठा घेतला, दुसऱ्यासाठी दारातूनच हात जोडले. दुकानात विकायला ठेवलेली जुनी मशीन वरून कपडे टाकायची होती; पाणी तापवणारे त्यांत एकही नव्हते. शुक्रवारी दुपारी पातेले कलंडले आणि बायकोचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. रविवारी भाऊ भेटायला आला, त्याने पट्टी बघितली, आणि सोमवारी पावती आली.

भाऊजी पावती घेऊन गल्ल्याशी गेले. "अरे, मशीन आज उघडतो. एफ आठ म्हणजे पाणी वेळेत तापलं नाही. काय असणार त्यात? हीटर. तासाभराचं काम."

"तासाभराचं काम आठ दिवस झालं नाही, भाऊजी."

"चुकलंच माझं. पण आईंना नको पाठवूस. त्यांना नाही राहवणार तिथे."

मेहुणा वाईट माणूस नव्हता. त्याने थोडा विचार केला. "शनिवारी दहाच्या आत साठावर एक धुणं पूर्ण काढून दाखवा. गाडी परत पाठवतो. माझा शब्द."

त्या संध्याकाळी भाऊजी लवकर घरी गेले. मशीन न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या बोळात होते. ते पुढे ओढले की स्वयंपाकघरात जायला आडवे व्हावे लागे. मागचे झाकण काढून त्यांनी हीटरला मीटर लावला. काटा हलला नाही; हीटर मेलेला. जिवात जीव आला. मग नियमाप्रमाणे पुढचे तपासले. पाण्याचे तापमान ओळखणारा सेन्सर असतो, त्याची तार त्यांनी बोर्डापाशी मोजली. गार असताना साडेचार ते पाच हजार ओहम यायला हवेत. चार हजार सातशे आले. ठीक. तपासणीच्या कागदावर त्यांनी सेन्सरपुढे बरोबरची खूण केली आणि नवा हीटर बसवला.

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "जावईबापू, डॉक्टर आधी नाडी बघतो. तुम्ही आधी पोट फाडता काय?"

"झालं, आई. उद्या सकाळी तुमच्या चादरी लावायच्या."

"या आधी तीन उद्या झाले," म्हातारी म्हणाली. पण हसत म्हणाली.

मंगळवारी अकरा वाजता दुकानात बायकोचा फोन आला. "अहो, थांबलं. तोच आकडा."

"एफ आठ? शक्य नाही. हीटर नवा आहे."

"तुमचा हीटर नवा असेल. पण आतलं पाणी उकळत होतं हो. काचेला हात लावता येईना. रबरातून वाफ येत होती."

"बोर्ड म्हणतोय पाणी तापलं नाही, आणि तू म्हणतेस उकळतंय?"

"मी डोळ्यांनी बघितलं."

"पन्नास घरची मशीन मी बोर्डाच्या सांगण्यावर दुरुस्त केलीत. काच गरम लागते म्हणजे उकळतं असं नसतं."

 एवढ्यात मागे सासूबाई काहीतरी म्हणाल्या आणि फोन ठेवला गेला.

घरी येऊन त्यांनी मीटर लावला. नवा हीटरही मेलेला. हीटरच्या पोटात एक बारीक फ्यूज असतो. पाणी प्रमाणाबाहेर तापले की तो वितळतो आणि हीटर कायमचा जातो. म्हणजे बायको खरे सांगत होती. भाऊजी बोळातल्या स्टुलावर बसून राहिले. पाणी उकळते आहे आणि बोर्ड म्हणतो आहे की ते गारच आहे. असे कधी होईल? बोर्डावर हीटर चालू-बंद करणारा एक छोटा खटका असतो. तो तापून चिकटला तर हीटर थांबणारच नाही. बोर्ड बिघडलाय, हेच उत्तर होते. सेन्सरपुढे खूण केलेली होती, त्यामुळे तिकडे पुन्हा लक्ष गेले नाही.

"सापडलं," त्यांनी बायकोला सांगितले. "बोर्ड गेलाय. या वेळी नक्की."

"सोमवारीही नक्कीच होतं," ती म्हणाली. डाव्या हाताने ती आईचा गाऊन पिळायला बघत होती. पाणी निघत नव्हते, नुसते गळत होते. भाऊजींनी तो तिच्या हातातून घेतला आणि पिळला.

बुधवारी पार्टवाल्याकडे त्या जातीचा बोर्ड नव्हता. पार्टवाला म्हणजे बाजाराच्या टोकाला सुटे भाग विकणारा माणूस. त्याच्या दुकानात भाऊजींना आत खुर्ची मिळे. त्याने दोन ठिकाणी फोन लावले. "उद्या दुपारी येईल. तेरा वर्षांचं मॉडेल, भाऊजी. आता ते मोडीत काढा की."

"मोडीत काढायची वेळ माझीच आलीय," भाऊजी म्हणाले. पार्टवाला मोठ्याने हसला. त्याला वाटले विनोद आहे.

त्या दोन दिवसांत दुकानातही त्यांचा हात चालेना. एका बाईच्या मशीनला त्यांनी पट्टा उलटा चढवला. मेहुण्याने ते बघितले, पट्टा काढून सरळ केला आणि गल्ल्यावर जाऊन बसला. तो रागावला असता तर भाऊजींना बरे वाटले असते.

गुरुवारी बोर्ड आला. पोस्टात ठेवलेले पैसे मोडून त्यांनी तो घेतला, सोबत आणखी एक हीटर. बोर्ड बसवताना सासूबाईंनी हाक मारली. खोलीत औषधाचा आणि ओल्या कापडाचा वास कोंडला होता. म्हातारीने त्यांना जवळ बोलावले, इतके जवळ की तिचा श्वास त्यांच्या कानाला लागला.

"जावईबापू, मला तिकडे पाठवू नका. मी तिथे एकदा एका बाईला भेटायला गेले होते. सगळ्यांचे केस सारखे कापलेले. कोण कुठली, ओळखू येईना."

"नाही पाठवत."

"तुमच्या मशीनवर माझा भरवसा नाही," ती म्हणाली. "तुमच्यावर आहे. दोन्हीत फरक आहे ना?"

भाऊजींनी मान हलवली. बाहेर येऊन त्यांनी बोर्डाचे स्क्रू आवळले. एक स्क्रू निसटून बोर्डामागे पडला. तो काढण्यात अर्धा तास गेला.

शुक्रवारी त्यांनी सुट्टी घेतली आणि सकाळी नऊला स्वतः साठचा आकडा लावला. स्टूल ओढून काचेसमोर बसले. पाणी भरले, ड्रम फिरू लागला, वीस मिनिटांनी काच कोमट झाली. चाळीस मिनिटांनी हात टेकवेना. रबराच्या कडेने वाफेची रेघ निघाली, आत पाण्याचा बुडबुड आवाज येऊ लागला. त्यांनी हात पुढे केला, बटण दाबून मशीन बंद करणार एवढ्यात आत कट्‌ असा बारीक आवाज झाला. हीटरचा फ्यूज. मग शिटी. एफ आठ.

बायको दारात उभी होती.  भाऊजींनी दोन्ही हातांनी डोके धरले, आणि मग एकवीस वर्षांत कधी केले नव्हते ते केले: मशीनला लाथ मारली. आतल्या खोलीतून आवाज आला, "लागलं का हो?" म्हातारी कुणाबद्दल विचारत होती ते कळले नाही.

दिवसभर त्यांनी नवा बोर्ड काढला, जुना लावला, जुना काढला, नवा लावला. खटके वाजत होते, चिकटत नव्हते. कागदावरच्या सगळ्या नोंदींपुढे बरोबरच्या खुणा होत्या आणि मशीन बंद होते. संध्याकाळी मेहुण्याचा फोन येऊन गेला. "ताईला आईचे कपडे भरायला सांगा. चार गाऊन पुरेत."

शनिवारी सकाळी साडेसहाला भाऊजींनी मीटर बाजूला ठेवला. कागद पालथा ठेवला. मशीन पूर्ण आडवे करून, बोर्डापासून निघणारी एकेक तार बोटांनी धरून ते शेवटपर्यंत गेले. पंपाची, मोटारीची, दाराची. सेन्सरची तार टाकीमागे वळते तिथे काळ्या नळीखाली बोटाला गाठ लागली. नळी सरकवली तर खाली काळी टेप, आणि टेपच्या टोकाला पांढऱ्या दोऱ्याची गाठ. टेप सुटू नये म्हणून दोऱ्याने बांधायची सवय बाजारात एकाच माणसाला होती.

त्यांनी टेप सोडली. आत तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर, वीज अडवणारा सुटा भाग. त्यावर पिवळा, जांभळा, लाल पट्टा; या रंगांतच त्याचा आकडा लिहिलेला असतो. चार हजार सातशे.

सात वर्षांपूर्वी याच मशीनचा सेन्सर गेला होता. पाणी थंड की गरम हे बोर्डाला कळेना म्हणून मशीन सुरूच होईना. नवा सेन्सर मिळायला वेळ होता, तेव्हा भाऊजींनी तार तोडून हा दाणा जोडला होता. खरा सेन्सर पाणी तापेल तसा आकडा बदलतो. हा दाणा कायम एकच आकडा सांगतो, पाणी गार आहे. दोन दिवसांपुरती फसवणूक. घरात गरम धुणे लागतच नव्हते, त्यामुळे दोन दिवसांची सात वर्षे झाली आणि ते विसरून गेले. सोमवारी मोजलेले चार हजार सातशे या दाण्याचे होते. बोर्ड बिचारा पाणी गार समजून तापवत राहिला, तापवत राहिला. त्याला जेवढे दिसत होते तेवढे तो सांगत होता.

घड्याळात नऊ वीस झाले होते. पार्टवाला अकराला उघडतो. त्यांनी त्याला फोन लावला; वाजत राहिला. आणखी दोन ठिकाणी लावला. एकाने उचलला, म्हणाला हा सेन्सर नाही. दहाला पाच कमी असताना बाहेर गाडीचा दरवाजा वाजला.

मेहुणा पुढे आणि स्ट्रेचर घेतलेली दोन माणसे मागे. बोळात आडव्या पडलेल्या मशीनवरून त्यांना पाय टाकून यावे लागले.

"सापडलं," भाऊजी म्हणाले. त्यांचा हात काळा झाला होता. "बोर्ड नव्हता, हीटर नव्हता. माझंच जुनं पाप होतं. सेन्सर आणायचा, हीटर टाकायचा. दुपारी दोनला धुणं काढून दाखवतो."

"आत्ता चालू आहे?"

"आत्ता नाही. पण या वेळी नक्की."

मेहुण्याने खाली बघितले. "भाऊजी, सोमवारी हीटर होता. मंगळवारी बोर्ड. दोन्ही वेळा तुम्ही हेच म्हणालात, याच आवाजात."

"चार तास थांब. एवढं कर."

"थांबेन हो. आणि दोन वाजता आणखी काही निघालं तर? मग सोमवार? ताईचा हात बघितलात?"

"अरे, थांब की थोडा," बायको म्हणाली. "ते म्हणतात ना."

"तू बोलूच नकोस, ताई. तुझ्या हातावरची पट्टी ओली आहे. आजही कपडे पिळलेस ना?"

भाऊजींना सांगायचे होते की या वेळचे नक्की वेगळे आहे. रेझिस्टर त्यांनी तळहातावर पुढे धरला. एवढासा रंगीत दाणा. मेहुण्याचे सारे आयुष्य त्याच धंद्यात गेले होते, त्याला बघताक्षणी कळले असते. पण त्याने बघितले नाही. तो आत आईकडे गेला.

सासूबाईंनी सगळे ऐकले होते. त्या लेकीला म्हणाल्या, "इकडे ये. हात दाखव." लेक मागे सरली. "दाखव म्हणते ना." बायकोने पट्टी उलगडली. म्हातारीने तो हात पुष्कळ वेळ बघितला, डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

"न्या मला," त्या म्हणाल्या.

"आई, दोनपर्यंत—" भाऊजी म्हणाले.

"जावईबापू, पोरीचा हात असा आणि मी चादरी भिजवत पडू?" मग स्ट्रेचरवाल्यांना म्हणाल्या, "हळू रे. दाराला लागेन."

बोळातून स्ट्रेचर जाईना. भाऊजींनी स्वतः मशीन उभे करून भिंतीला लावले आणि वाट करून दिली.

पार्टवाल्याने अकरा दहाला शटर उघडले. भाऊजी पायरीवर बसलेले होते. खिशात होते तेवढे हीटरला गेले. सेन्सर त्याने उधारीच्या वहीत मांडला. दुपारी एक वाजता, तळाशी राहिलेल्या दोन चादरी आणि एक उशीची खोळ घालून त्यांनी साठचा आकडा लावला. काच तापली, पण हात टेकवता येत होता. बरोबर जिथे थांबायला हवे तिथे हीटर थांबला. एफ आठ आला नाही. तीनला पाच कमी असताना मशीनने धुणे संपल्याची धून वाजवली, ती त्या घरात गरम धुण्यानंतर पहिल्यांदाच वाजली.

बायकोने डाव्या हाताने चादरी वाळत घातल्या. "मंगळवारी मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "उकळतंय म्हणून."

"हो," भाऊजी म्हणाले.

गुरुवारी ते सासूबाईंना भेटायला गेले. लांब खोली, बारा खाटा, फिकट हिरवे पडदे. केस अजून कापले नव्हते. जखम जराशी सुकली आहे असे तिथल्या बाईने सांगितले.

"चाललं का?" सासूबाईंनी विचारले.

"शनिवारीच चाललं. तीन वाजता."

"मग न्यायला आलात?"

भाऊजींनी टोपी हातात फिरवली. "महिन्याचे भरलेत. ते परत देत नाहीत. आणि हिचा हात अजून मुठीत वळत नाही. तुमचा मुलगा म्हणतो, महिना होऊ दे, मग बघू." मग ते म्हणाले, "चूक माझी होती, आई. मीच काहीतरी करून ठेवलं होतं, मीच विसरलो."

"चूक कुणाची ते मी विचारलं नाही," म्हातारी म्हणाली आणि भिंतीकडे वळायला तिने तिथल्या बाईची मदत मागितली.

फेब्रुवारी संपला. बायकोचा हात भरून आला, पण जड वस्तू उचलताना तिला अजून दुसरा हात लावावा लागतो. मेहुण्याने मार्चचे पैसे भरले. बोळातले मशीन आता थंडावरच चालते. सेन्सरचे एकशे ऐंशी रुपये पार्टवाल्याला द्यायचे राहिले आहेत.